लाल खुणेमागचं घोंगडं

आटपाडी,
बुधवार

प्रिय मौला,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न वाचताच ठेवून दिलंस तर माझी तक्रार नाही. पण फोडलं असशील तर शेवटपर्यंत वाच, कारण मी सातवी शिकलेला माणूस, मला पहिल्या ओळीत मुद्द्याचं लिहिता येत नाही. हे चौथं पत्र आहे. पहिलं वाचून मलाच लाज वाटली, दुसऱ्यात नुसतं रडगाणं झालं, तिसऱ्यावर चहा सांडला. तिन्ही चुलीत गेली. पाकिटात एक कागदाची छोटी पुडी आहे, ती इतक्यात उघडू नकोस. पुडी वाटेत फुटेल का, पोस्टातला माणूस काही संशय घेईल का, याचीही मला काळजी लागली आहे. तू म्हणशील, जोत्या बदलला नाही. नाही बदललो.

आधी घरचं सांगतो. राहीबाई बरी आहे, गुडघे तेवढे धरतात. जयराज अजून फौजेत आहे, सध्या बर्फाच्या बाजूला. त्याचं लग्न होऊन चार वर्षं झाली. तुला पत्रिका पाठवली नाही. पत्रिकांवर नावं घालताना दर पाचसहा पत्रिकांनंतर तुझं नाव पेनात यायचं आणि मी पुढची पत्रिका ओढायचो. सून आष्ट्याची, क्रांती नाव. कॉम्प्युटरचं शिकली आहे, मला मामा म्हणते, आणि माझ्या तापटपणाला घरात राहीबाईनंतर तीच एक घाबरत नाही. माग मी अजून चालवतो, दिवसाला चार तास. धाग्यांना लावायची चिंचोक्याची खळ आता क्रांती शिजवते, आणि खरं सांगतो, माझ्यापेक्षा चांगली शिजवते. रहिमतबी वहिनींना माझा नमस्कार सांग. नको सांगूस वाटलं तर नको सांगूस.

क्रांतीनं तीन वर्षांपूर्वी आपल्या घोंगड्यांची वेबसाइट काढली. सुरुवातीला बरं चाललं. पुण्याहून, बेळगावहून, एकदा तर थेट जर्मनीहून मागणी आली. मग या वर्षी मागण्या आटल्या. क्रांती म्हणाली, माल तोच आहे, पण गुगलवर कुणी घोंगडी शोधली की आपण तिसऱ्या पानावर असतो, आणि तिसऱ्या पानावर कुणी जात नाही. पहिल्या पानावर कोण, तर गिरणीची ब्लँकेटं घोंगडी म्हणून खपवणारे. आपल्याला वर आणायला सॉफ्टवेअर मिळतं म्हणे. लोक काय शब्द टाकून शोधतात, दुसऱ्या कुठल्या वेबसाइटवर आपला पत्ता दिलेला आहे, असलं सगळं ते दाखवतं. तिनं दोन सॉफ्टवेअरं हेरली होती. दोन्ही पंधरा पंधरा दिवस फुकट वापरून बघायची आणि एक घ्यायचं. दोन घेणं आपल्याला झेपणारं नाही. मी लगेच विचारलं की ते आपल्याला बघतंय का, घरातलं बोललेलं त्याला ऐकू जातं का. ती म्हणाली, "मामा, त्येला तुमचं ऐकू गेलं आसतं तर त्येनंच आपल्याला सोडून दिलं आसतं." राहीबाई पदर तोंडाला लावून हसली.

दोन्हींची नावं इंग्रजी आणि अवघड, म्हणून मी एकाला काट्याचं म्हणायचो आणि दुसऱ्याला यादीचं. काट्याचं उघडलं की स्कूटरवर असतो तसा अर्धा गोल यायचा, हिरवा, पिवळा, लाल, आणि त्यावर काटा. आपला काटा एक्केचाळीसवर होता. शंभरपैकी एक्केचाळीस! मला सातवीत सुद्धा यापेक्षा जास्त पडले होते. दिवसभर एक्केचाळीस एक्केचाळीस करत मी माग चालवला, दोन ठिकाणी धागा तुटला, आणि राहीबाईनं ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावून बघितला. यादीचं मात्र अगदी साधं. काटा नाही, रंग नाही, नुसत्या ओळी. मला पहिल्यापासून काट्याचं आवडलं. कुणीतरी एका आकड्यात सांगून टाकावं, चांगलं की वाईट, म्हणजे माझ्यासारख्या भित्र्या माणसाला बरं वाटतं.

लोक काय शोधतात हे दोन्हींत दिसायचं, आणि ते वाचताना मला तुझी लय आठवण आली. सगळ्यात जास्त लोक विचारतात, घोंगडं टोचतं का. तुझ्या दुकानात महाबळेश्वरला आलेला प्रत्येक पाव्हणा हेच विचारायचा, आणि तू काठ्या पुसता पुसता मान वर न करता म्हणायचास, "दोन दिवस टोचतंय, तिसऱ्या दिवशी सोडवत न्हाई." क्रांतीनं मला विचारलं, मामा, याचं उत्तर काय लिहू. मी तुझं वाक्य सांगितलं, तुझं नाव न सांगता. तिनं ते तसंच लिहिलं. आठ दिवसांत ते पान वर सरकलं. म्हणजे बघ, माझ्या दुकानाच्या पानावर तुझं वाक्य आहे आणि त्यावर माझं गिऱ्हाईक वाढतंय.

आता तो दिवस. काट्याच्या सॉफ्टवेअरात एक भाग होता, आपला पत्ता आणखी कुणी कुणी दिला आहे त्याचा. तेवीस नावं आली. बावीस हिरवी पिवळी, आणि एकासमोर लाल खूण, बाजूला इंग्रजीत एक शब्द. क्रांती म्हणाली याचा अर्थ विषारी, म्हणजे हा दुवा आपल्याला खाली ओढतोय असा त्याचा अंदाज, तोडला तर बरं. मी विचारलं, कोण आहे. तिनं नाव वाचलं. तुझं दुकान. तुझ्या पोरानं, रिजवाननं काढलेली वेबसाइट.

मौला, मला काय झालं ते खरं लिहितो. मला आनंद झाला. मी मांडीवर थाप मारली आणि म्हणालो, "बघ, मी म्हणत नव्हतो? मशीनला बी कळलं." क्रांती म्हणाली, आधी ते पान उघडून तरी बघू या. आमच्या घरात तुझ्या दुकानाचं पान उघडायचं नाही असा माझाच नियम होता. एकदाच, आपली वेबसाइट नवी असताना, शोधता शोधता त्यावर माझ्या घोंगड्याचा फोटो दिसला होता, खाली सगळं इंग्रजी, आणि मी म्हणालो होतो की बघा, माझा फोटो लावून गिरणीचा माल विकतोय. कुणी वाचलं नव्हतं, मी वाचूच दिलं नव्हतं. या वेळीही मी म्हणालो, बघायचं काय त्यात, तोड. ती दोनदा नको म्हणाली. तिसऱ्यांदा मी आवाज चढवला. गुगलला कळवायची एक जागा असते, की अमक्याचा दुवा आमच्या नावावर धरू नका. तिथं तिनं तुझ्या दुकानाचं नाव लिहून पाठवलं आणि लॅपटॉप मिटून आत गेली. मी भाकरी खाल्ली. दोन खाल्ल्या.

पुढच्या आठवड्यात यादीच्या सॉफ्टवेअरचे फुकटचे दिवस सुरू झाले. त्यातही तीच तेवीस नावं. पण याच्यात लाल नव्हतं आणि हिरवंही नव्हतं. प्रत्येक नावापुढं, त्या पानावर आपल्याबद्दल नेमकं कोणतं वाक्य आहे, आणि ते पहिल्यांदा कधी दिसलं, एवढंच. क्रांती खाली खाली येत वाचत होती आणि एका ओळीवर थांबली. मी मागाला सुताची नळी लावत होतो. ती म्हणाली, "मामा, माग थांबवा जरा." मग तिनं इंग्रजीतलं मराठी करून सांगितलं. मी तीनदा ऐकलं, म्हणून मला पाठ आहे: आमच्याकडं आता घोंगडी मिळत नाहीत. गिरणीचं ब्लँकेट घोंगडं म्हणून आम्ही विकत नाही. अस्सल हवं असेल तर आटपाडीच्या जोतीराम सणगरांकडून घ्या, त्यांच्या मालात भेसळ नसते, हवं तर धागा जाळून बघा. त्या फोटोखालचं इंग्रजी ते हेच, आणि तारीख तीन वर्षांपूर्वीची. आमची वेबसाइट निघाल्यावर दोन महिन्यांच्या आतली. म्हणजे तू माझ्यावर नजर ठेवून होतास. माझ्या घरात तुझं नाव काढायला बंदी, आणि तू तिकडं तुझ्या दुकानाच्या पानावर माझं नाव लिहून ठेवलेलंस.

मी नळी तशीच टाकून उठलो. पहिला विचार आला तो त्या पाठवलेल्या कागदाचा. मी तोडलं, मी स्वतः तोडलं, आता ते परत कसं जोडायचं, गुगलला अर्ज कुणाच्या नावे करायचा, मुंबईला जावं लागेल का. क्रांती म्हणत होती, मामा बसा, पाणी प्या. मग तिनं स्क्रीन माझ्याकडं वळवली आणि म्हणाली, "आवं, रद्द करायचं बटण हाय की ह्यात. पाठवलेलं माघारी घेता येतंय." मी म्हणालो, माझ्यासमोर दाब. तिनं दाबलं. पुन्हा विचारलं, गेलं का माघारी. गेलं म्हणाली. मला वाटतं मी पाचसहा वेळा विचारलं असेल. मग मी मागाच्या खड्ड्याच्या कडेला बसून राहिलो, आणि छातीवरचं असं काहीतरी उतरलं की हातपाय हलके झाले. एवढं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं. आपलं बोलणं तुटल्यापासून नऊ वर्षं मला वाटत होतं की एकदा तोंडातून गेलेलं माघारी येत नाही.

त्याच दिवशी आम्ही सॉफ्टवेअर ठरवलं. यादीचं घेतलं. क्रांतीची कारणं शिकलेल्या माणसाची आहेत. ती म्हणते काट्याचंही वाईट नाही, पण ते अंदाज सांगतं आणि आपण त्याला निकाल समजतो. तुझ्या रिजवानची वेबसाइट जुनी, हळू चालणारी, कुठल्या कुठल्या फालतू वेबसाइटींनी तिचा पत्ता दिलेला, म्हणून लाल खूण पडली होती. पानावर काय लिहिलं आहे ते त्या खुणेत कुठंच नव्हतं. रिजवानला सांग, ती एकदा नीट करून घे, क्रांती फोनवर मदत करेल. माझं कारण एवढंच, की मला आता कुणाचा काटा बघायचा नाही. काय लिहिलं आहे ते वाचून दाखवा.

मग मला नवीन काळजी लागली. पान तीन वर्षांपूर्वीचं. मौला आज कसा आहे? आहे ना? मी कुणाला विचारणार? मी क्रांतीला म्हणालो, गिऱ्हाईक होऊन दुकानात फोन लाव, घोंगडी आहेत का विचार, आणि मालक बरे आहेत का ते बोलता बोलता काढून घे. तिनं आवाज मोठा करून लावला. मला वाटलं रिजवान उचलेल. तू उचललास. क्रांतीनं विचारलं आणि तू म्हणालास, "घोंगडी? आमच्याकडं न्हाईत, बाई. आटपाडीला जावा. तिथं जोतीराम म्हणून हाय एक. तापट हाय लय, पर माल चोख. मौलानं धाडलंय म्हणू नका, न्हाईतर दारातनं हाकलंल." मी हातानं खुणा करत होतो की ठेव, ठेव फोन. तुझा आवाज तसाच आहे, थोडा घोगरा झालाय. खोकला असेल तर औषध घे, नुसत्या मधावर राहू नकोस. फोन ठेवल्यावर क्रांती माझ्याकडं वळली. म्हणाली, मामा, ह्या माणसानं तुमची घोंगडी बदलली असं तुम्ही सांगता?

आता सातारा स्टँडवर येतो. तिथंच आपली ओळख झाली होती. तुझा काठ्यांचा भारा आणि माझं घोंगड्यांचं गाठोडं, कंडक्टरनं दोघांनाही एसटीत घेतलं नाही, आणि पुढची गाडी येईपर्यंत आपण एकमेकांच्या मालावर बसून शेंगा खाल्ल्या. मग तीस वर्षं तू महाबळेश्वरहून खाली यायचास, मी आटपाडीहून वर यायचो, स्टँडच्या कॅन्टीनला चहा, माल इकडचा तिकडं, आणि दोघं आपापल्या गाडीला. त्या शेवटच्या दिवशी तू अकरा घोंगडी परत घेऊन आला होतास. तू मला लोकांच्यात काही बोलला नाहीस. कॅन्टीनच्या मागं नेलंस, किनारीचा एक धागा ओढलास, आणि काडी लावलीस. लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. तो धागा वितळला आणि त्याचा काळा मणी झाला. तू मणी माझ्या तळहातावर ठेवलास आणि एवढंच म्हणालास, "जोत्या, ह्ये काय रं?"

आणि मी तिथून बाहेर येऊन, भर स्टँडात, सगळ्या गाड्यांच्या पुढ्यात ओरडलो की मौलानं माझा माल ठेवून घेतला आणि गिरणीचा माझ्या गळ्यात मारतोय. तू काडेपेटी खिशात टाकलीस, घोंगडी माझ्यापाशीच ठेवलीस आणि तुझ्या गाडीत जाऊन बसलास. खिडकीतून बघितलंसुद्धा नाहीस. घरी येऊन मी तेच सांगितलं. राहीबाईला, जयराजला, पेठेत भेटेल त्याला.

ते खोटं होतं, मौला. तुला माहीतच आहे, पण मी तुला कधी सांगितलेलं नाही, म्हणून लिहितो. त्या वर्षी दुष्काळात मेंढरं चाऱ्याला पश्चिमेकडं गेली ती लवकर परतली नाहीत, लोकर मिळेना, आणि तुझी मागणी हंगामाआधी द्यायची होती. मी सांगलीहून गिरणीचं नकली काळं सूत आणलं आणि आडव्या धाग्यात मिसळलं. तुला कळवलं असतं की या वेळी माल नाही, तर तू एक शिवी देऊन गप्प बसला असतास. मी भ्यालो. तू दुसरा विणकर बघशील म्हणून भ्यालो.

क्रांतीनं विचारलं तेव्हा मी पहिल्यांदा ते तोंडातून काढलं. राहीबाई चुलीपाशी होती. मला वाटलं आता ही भांडं आपटेल. ती वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "नळ्या मीच भरल्या व्हत्या की. बोटाला कळंना व्हय मला?" नऊ वर्षं तिला माहीत होतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस. तर म्हणाली, "तुमी कवा बोलताय ती वाट बघत व्हते." त्यानंतर तिनं मला चहा दिला. नऊ वर्षं मी जी गोष्ट दडवत होतो ती घरात सगळ्यांदेखत बसून होती, आणि छप्पर पडलं नाही. मला हसू आलं आणि रडूही आलं. क्रांती म्हणाली, दोन्ही एकदम नको मामा, चहा सांडंल. आणि पुढं तो सांडलाच, तिसऱ्या पत्रावर.

ती अकरा घोंगडी अजून माळ्यावर आहेत. विकली नाहीत, कुणाला दिलीही नाहीत.

हे पत्र का लिहितोय ते आता लिहितो. तुझ्या पानावर जे वाक्य आहे, की जोतीरामच्या मालात भेसळ नसते, ते तू माझ्यासाठी लिहिलंस, आणि ते खोटं आहे हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी लिहिलंस. त्या वाक्यावर विश्वास ठेवून कोण कोण माझ्या दारात आलं असेल, मला मोजता येत नाही. आता ते वाक्य ठेवायचं की काढायचं हे तू ठरव. पण माझ्याकडून सगळं ऐकल्यावर ठरव, एवढ्यासाठी चार पत्रं लिहिली. काढलंस तर मी क्रांतीला सांगितलं आहे, कारण विचारायचं नाही. पत्र उद्या पोचणार नाही, म्हणून उद्याचा सोडून पुढच्या दोन्ही गुरुवारी अकरा वाजता मी सातारा स्टँडवर कॅन्टीनपाशी असेन. त्या दिवशी जेवढ्या आवाजात ओरडलो होतो तेवढ्याच आवाजात खरं सांगायची माझी तयारी आहे. लोक मला वेडा म्हणतील. म्हणू देत. पुडी आता उघड. आत दोन काळे धागे आहेत. एक परवा मागावरून उतरलेल्या घोंगड्याचा, तुझ्यासाठी विणलं आहे ते. दुसरा माळ्यावरच्या अकरांपैकी एकाचा. कुठला कोणता ते मी लिहिलेलं नाही. तुझ्या बोटांना लगेच कळेल, तरी काडी लाव, आणि ज्याचा मणी होईल तो तुझ्या हातानं टाकून दे.

तुझाच,
जोत्या